हिवतापाचा डास गटारात शोधू नका : गावाने डासोत्पत्ती कशी रोखावी

जून हा आरोग्य खात्याचा हिवताप प्रतिरोध महिना. त्या महिन्यात गावोगावी गटारे उपसली जातात, ब्लिचिंगची पांढरी रेघ ओढली जाते, कुठे धूरफवारणी होते. रात्री कानाशी गुणगुणणारे डास थोडे कमी होतात. हिवतापाचे रुग्ण मात्र तेवढेच राहतात. कारण साधे आहे. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, आणि तो हिवताप पसरवत नाही. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्वच्छ किंवा किंचित गढूळ, बहुधा ऊन लागणाऱ्या पाण्यात अंडी घालतो. गटारसफाई जरूर करा, पण ती हिवतापाच्या खात्यात धरू नका.

डासाची अळी पाण्यातच रोखण्याची ही पद्धत मुख्यतः पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यासाठी आणि जंगलालगतच्या गावांसाठी, म्हणजे गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर आणि भंडाऱ्यासाठी लिहिली आहे. महाराष्ट्राच्या हिवतापाचा मोठा वाटा अनेक वर्षे एकट्या गडचिरोलीत आहे. शहरांचे गणित वेगळे, त्याबद्दल पुढे थोडे येईल.

दोन डास, दोन प्रकारचे पाणी

इथे दोन जाती महत्त्वाच्या. पहिली ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. ग्रामीण भारतातला निम्म्याहून अधिक हिवताप हिच्यामुळे होतो. कालवे, पाटचऱ्या, नुकतीच रोवणी झालेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे), मुरूम काढलेले खड्डे, नदीपात्रातली वाळूची डबकी, विहिरी, गुरांच्या खुरांनी झालेले खळगे, असे जवळजवळ कुठलेही उघडे स्वच्छ पाणी तिला चालते. ती माणसापेक्षा गुरांना जास्त चावते आणि दिवसा गोठ्यात दडून बसते.

दुसरी ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस. डोंगरपायथ्याच्या संथ वाहणाऱ्या नाल्यांच्या गवताळ कडा ही तिची जागा. संख्येने ती कमी असते, पण तिच्या काही उपजाती प्रामुख्याने माणसालाच चावतात. त्यामुळे थोडे डासही पुरे पडतात. गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची भागात नाला टोल्याला (गावाच्या सुट्या वस्तीला) लागून वाहत असेल, तर पहिला संशय नाल्यावर घ्यावा.

अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उन्हाळी-पावसाळी तापमानात साधारण ७ ते १० दिवस लागतात, थंडीत त्याहून जास्त. पुढची नियमित कामे दर ७ दिवसांनी करायची ती याचमुळे. पंधरवड्यातून एकदा केलेल्या कामातून डासांची एक पिढी सहज निसटते.

आधी नकाशा, मग फावडे

अनेक गावांत काम उलट्या क्रमाने होते. आधी श्रमदान होते, छायाचित्रे निघतात, आणि नंतर कळते की भरलेल्या खड्ड्यात अळी नव्हतीच. म्हणून आधी नकाशा.

गावठाण आणि प्रत्येक टोला मध्यभागी धरून १ किलोमीटरपर्यंतचे प्रत्येक पाणी नकाशावर आणा. डास याहून लांब उडू शकतो, पण पहिल्या वर्षी एवढे नीट झाले तरी पुष्कळ. नकाशा ग्रामसभेत जमिनीवर रांगोळीने काढला तरी चालतो, नंतर तो वहीत उतरवा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या गावात चर्चा त्याच भाषेत व्हावी, नाहीतर मोजके चौघेच बोलतात. सर्वांत उपयोगी माहिती गुराख्यांकडे, नाल्यावर कपडे धुणाऱ्या बायकांकडे आणि मासे धरणाऱ्यांकडे असते. पाणी कुठे किती महिने टिकते हे त्यांना अचूक माहीत असते. फक्त सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारून काढलेल्या नकाशात निम्मी डबकी सुटतात.

पाहणी वर्षातून दोनदा करा. पहिली ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. दुसरी मार्चमध्ये. मार्चमध्ये जिथे पाणी आहे, त्याच जागा डासांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगवतात. त्या थोड्या असतात आणि तिथले काम स्वस्तात होते. पावसाळ्यात सगळा शिवारच पाण्याखाली असतो, तेव्हा जागोजाग धावण्यात अर्थ नाही. डासोत्पत्तीच्या जागा थोड्या, ठरलेल्या आणि सापडणाऱ्या असतील तिथेच ही पद्धत नीट चालते.

नकाशावरच्या प्रत्येक पाण्याला क्रमांक द्या आणि वहीत चार गोष्टी लिहा : किती लांब-रुंद-खोल, किती महिने टिकते, अळी सापडली का, आणि ते कोणाचे. मालकाचा रकाना रिकामा राहिला की ते काम कुणाचेच राहत नाही. मुरमाचा खड्डा रस्त्याच्या ठेकेदाराचा असतो, पाटचरी पाटबंधारे खात्याची, बोडी (शेतातले लहान तळे) शेतकऱ्याची, मामा (माजी मालगुजारी) तलाव जिल्हा परिषदेचा. प्रत्येकाकडे मागणी वेगळी करावी लागते.

अळी कशी बघायची

लागते काय? लांब दांड्याची पांढरी, ३०० ते ३५० मिलीलीटर मावेल अशी पळी, एक पांढरा ट्रे, ड्रॉपर आणि वही. पळी उपकेंद्रातून मिळते. न मिळाल्यास पांढऱ्या प्लास्टिकच्या मगाला बांबू बांधा.

१. सूर्य समोर ठेवून पाण्याजवळ जा. तुमची सावली पाण्यावर पडली की अळ्या तळाशी जातात.
२. पळी ४५ अंशांत तिरकी धरून पाण्याच्या कडेला, गवताच्या मुळाशी हळूच बुडवा. मधल्या उघड्या पाण्यात अळी क्वचितच असते.
३. एका जागी किमान ५, मोठ्या पाण्यात १० पळ्या घ्या. दोन पळ्यांमध्ये २-३ मिनिटे थांबा.
४. पळी अर्धा मिनिट स्थिर धरा आणि अळी कशी राहते ते पाहा.

ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. क्युलेक्स आणि डेंग्यूचा एडिस यांच्या अळ्या श्वासनळी वर करून डोके खाली लटकवतात. हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कोणती जात आहे हे मात्र गावात ठरवू नका, ते काम जिल्हा हिवताप कार्यालयाच्या कीटक समाहारकाचे (डास गोळा करून ओळखणाऱ्या कर्मचाऱ्याचे). गावाने फक्त ‘आडवी’ किंवा ‘लटकणारी’ एवढेच लिहावे. आडवी अळी सापडली ते पाणी वहीत लाल शाईने.

खड्डे बुजवणे

हे एकदाच करायचे काम आहे, म्हणून सगळ्यांत फायद्याचे. एप्रिल-मे योग्य, कारण खड्डा कोरडा असतो आणि ट्रॅक्टर आत उतरतो.

हिशोब ब्रासमध्ये करा. समजा खड्डा ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी पाऊण मीटर खोल आहे. म्हणजे १८ घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणून सुमारे साडेसहा ब्रास. भराव दबतो, म्हणून २० टक्के वाढवा आणि ८ ब्रास मागवा. दर ३० सेंटिमीटरला थर दाबून घ्या. वरचा थर जमिनीपेक्षा १५-२० सेंटिमीटर उंच, पाठ फुगलेली ठेवा. सपाट भरलेला खड्डा पहिल्या पावसात बसतो आणि तिथे उथळ, उन्हात तापणारे तळे होते. ते मूळ खड्ड्यापेक्षा डासाला जास्त आवडते.

भरावाची माती कुठून आणायची हे आधी ठरवा. शेजारी दुसरा खड्डा खणून पहिला भरण्याचा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. तलाव किंवा बोडीचा गाळ निघत असेल तर तो वापरा. भरणे परवडत नसेल तर खड्ड्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यातून चर काढून पाणी नाल्याला सोडा. तेही शक्य नसेल तर उलट करा : खड्डा खोल करा, कडा उभ्या छाटा, गवत काढा आणि मासे सोडा. मधले उथळ पाणी तेवढे नको.

नाला : इथे वेळ द्या

फ्लुव्हिएटिलिसच्या गावात नाल्याचे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला करावे लागते. टोल्याच्या वर आणि खाली मिळून जेवढा नाला एक किलोमीटरच्या आत येतो, त्याचे ५० मीटरचे तुकडे पाडा आणि झाडांना क्रमांक रंगवा. विळा, कुदळ, फावडे आणि घमेले घेतलेल्या दोघांच्या जोडीला असा एक तुकडा पहिल्यांदा अर्धा दिवस लागतो, नंतर तासाभरात होतो.

करायचे एवढेच. पाण्याला टेकलेले आणि पाण्यात झुकलेले गवत काठापासून साधारण अर्धा मीटरपर्यंत काढा. वाकडीतिकडी, उथळ कड उभी छाटा, म्हणजे पाणी काठाशी थांबत नाही. मुख्य धारेपासून तुटलेली बाजूची डबकी १५-२० सेंटिमीटर रुंद चर मारून धारेला जोडा, किंवा दगडगोट्यांनी भरून टाका. अडकलेली लाकडे आणि पालापाचोळा बाहेर काढा, काढलेले गवतही लांब टाका. काठावर ठेवलेला ढीग पुढच्या सरीत परत नाल्यात जातो.

पूर्ण काठ मात्र खरवडू नका. मुळे गेली की काठ ढासळतो आणि नवी डबकी तयार होतात. नाल्यावरची मोठी झाडेही तोडू नका, कारण या डासाला ऊन लागणारे पाणी हवे असते आणि दाट सावली त्याच्या विरोधात काम करते. आसामच्या चहामळ्यांत मिनिमस नावाच्या नात्यातल्या डासाविरुद्ध ओढ्यांवर मुद्दाम सावली वाढवण्याची पद्धत वापरली गेली होती. ‘साफसफाई’ म्हणून काठ उघडाबोडका करणारे श्रमदान इथे हिवताप वाढवू शकते.

कामाला गमबूट हवेत. साप असतात, आणि हातापायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये.

वनराई बंधारा, केटी वेअर आणि शेततळे

हा मुद्दा सहसा कोणी काढत नाही, कारण बंधारा हे चांगले काम मानले जाते, आणि ते चांगलेच आहे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून बांधलेला वनराई बंधारा नेमका हिवतापाच्या हंगामात वाहता नाला थांबवतो. वरच्या बाजूला गवत बुडालेले संथ पाणी आणि खालच्या बाजूला झिरप्याची स्वच्छ डबकी राहतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे (केटी वेअरचे) बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवले की खालच्या खडकाळ पात्रातही तेच होते.

बंधारा पाडायची गरज नाही. बांधण्याआधी जिथवर पाणी चढणार तिथले गवत कापा. खालची झिरप्याची डबकी एका चरात जोडा. नाल्याला पुरेसा ओघ असेल आणि कमी केलेले पाणी दिवसभरात परत भरत असेल, तर वरची दोन-तीन पोती काढता येतील अशी ठेवा. आठवड्यातून एकदा पाणी २०-३० सेंटिमीटर उतरवा, काही तासांनी पोती परत लावा. कडेच्या अळ्या कोरड्यावर अडकतात आणि बाकीच्या जोराच्या पाण्याबरोबर वाहून जातात. अमेरिकेत टेनेसी नदीवरच्या जलाशयांत हिवतापाविरुद्ध पाणी दर आठवड्याला सुमारे एक फूट वर-खाली करण्याची पद्धत यशस्वी ठरली होती. तत्त्व तेच आहे. ओघ नसलेल्या नाल्यावर हे करू नका, रब्बीचे पाणी वाया जाईल आणि शेतकरी पुढच्या वर्षी तुम्हाला बंधाऱ्याजवळ फिरकू देणार नाहीत.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गवत नसेल तर धोका कमी. कडेला शेवाळ धरले, माती पडून गवत उगवले की वाढतो.

धानाच्या बांध्या

क्युलिसिफेसीस धानात सुरुवातीलाच वाढते. रोप साधारण फूटभर उंच झाले, पाणी सावलीत गेले की ती जागा सोडते. म्हणजे रोवणीनंतरचे पहिले काही आठवडे महत्त्वाचे.

खरिपात पावसावर तुमचा ताबा नसतो, तिथे बांध्यांच्या मागे मनुष्यबळ घालवू नका. उन्हाळी धानाला मात्र कालव्याचे किंवा मोटारीचे पाणी असते. तिथे आलटून-पालटून भिजवण-सुकवण जमते. १०-१५ सेंटिमीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर लांबीचा, खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडलेला पाइप बांधीत पुरा आणि आतली माती काढा. पाइपातले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी द्या. हे रोवणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सुरू करून फुलोऱ्यापर्यंत चालते. फुलोऱ्यात बांधी सुकू देऊ नये, उत्पादन घटते.

अडचण इथेच आहे. डासाचा जोर आणि सुकवणीची वेळ पूर्ण जुळत नाहीत. पहिले दोन आठवडे मोकळेच राहतात, त्या काळात मच्छरदाणीवरच भर द्यावा लागतो. दुसरे, चिखलणी समतल झाली नसेल तर बांधी सुकली तरी कोपऱ्यात आणि पावलांच्या खळग्यांत पाणी राहते, आणि अळ्यांना तेवढे पुरते. फळी नीट फिरवा. तिसरे, कालव्याच्या एका दारावरच्या सगळ्यांनी एकाच पाळीत सुकवले तरच उपयोग. एकट्या शेतकऱ्याने केले तर पाणी वाचेल, पण डासही वाचतील. म्हणून हा निर्णय पाणी वापर संस्थेच्या बैठकीत व्हायला हवा.

हातपंप, विहीर, टाकी

हातपंपाच्या ओट्याखाली साचणारे पाणी गटारासारखे घाण नसते, म्हणून ॲनोफिलीसलाही चालते. ओट्याला फुटामागे पाव इंच उतार द्या आणि पाणी निदान ३ मीटर लांब नेऊन परसबागेत सोडा. गुरे पाणी पितात त्या जागी मुरूम आणि दगड टाकून जमीन घट्ट करा, खुरांचे खळगे होणार नाहीत.

वापरातल्या विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) पडत असते, तिथे मासे टिकत नाहीत. अशा विहिरीला बारीक जाळीचे झाकण हेच उत्तर. पडक्या, न वापरातल्या विहिरीत मासे सोडा किंवा ती भरून टाका. टाकीचे झाकण घट्ट हवे आणि ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला जाळी हवी. सगळे झाकून नळी उघडी ठेवलेल्या टाक्या पुष्कळ आढळतात.

शहरात हीच टाकी मुख्य गुन्हेगार ठरते. मुंबई-पणजीसारख्या ठिकाणी ॲनोफिलीस स्टीफेन्सी पाण्याच्या टाक्या, विहिरी, लिफ्टचे खड्डे आणि बांधकामावर स्लॅब भिजवण्यासाठी साठवलेले पाणी यांत वाढतो. १९११ मध्येच हिवतापाचे अभ्यासक बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावरील अहवालात विहिरींकडे बोट दाखवले होते.

गप्पी मासे

दर चौरस मीटर पृष्ठभागाला ५ ते १० मासे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीचा पृष्ठभाग सुमारे ७ चौरस मीटर, म्हणजे ३५ ते ७० मासे. एक मोठा गप्पी दिवसाला ८०-१०० अळ्या खातो. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देते, त्यामुळे गावात एक पैदास टाके पुरते. किमान ५ × ४ मीटर, १.५ मीटर खोल, थोडी सावली असलेले. पिशवीत अर्धे पाणी, अर्धी हवा ठेवून सकाळी किंवा सायंकाळी न्या. सोडण्याआधी पिशवी १५-२० मिनिटे नव्या पाण्यात तरंगत ठेवा, तापमान एकदम बदलले की मासे मरतात.

मासे अपयशी ठरतात ते मुख्यतः दोन कारणांनी. पाण्यात शेवाळ आणि गवत दाट असेल तर अळ्या त्यात लपतात, आणि पहिल्या पुरात मासे वाहून जातात. दर महिन्याला मोजून भर घाला. गप्पी हा परदेशी मासा आहे, नाले, नद्या आणि तलावांत तो सोडू नका. बोड्या आणि मामा तलावांत देशी मासे असतात आणि तिथे मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो, आधी त्यांच्याशी बोला. त्यांना कडेचे गवत काढलेले हवेच असते.

जळके ऑइल ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. विहिरीजवळ, शेतात, गुरांच्या पाण्यात किंवा मासे असलेल्या पाण्यात ते कधीही नको. अबेट हे अळीनाशक टाकायचे असेल तर आरोग्य सेवकाकडूनच, मापाने.

शोषखड्ड्याबद्दल

नांदेड जिल्ह्यातून पसरलेल्या शोषखड्ड्यांच्या मोहिमेने गावांतली सांडपाण्याची डबकी खरोखर कमी केली. घरामागे १ × १ × १ मीटर खड्डा, खाली मोठे दगड, मग मध्यम, वर खडी, आणि तोंडाशी गाळ अडवणारे भोकांचे मडके किंवा टाकी. विहिरीपासून १५ मीटर लांब. मडके महिन्याला साफ केले नाही तर वर्षभरात खड्डा तुंबतो. चिकण काळ्या जमिनीत पाणी जिरत नाही, तिथे परसबाग बरी. याने क्युलेक्स कमी होतो. रोजगार हमीतून तो होत असेल तर करा, पण नाल्याच्या कामाचे माणूसबळ त्याकडे वळवू नका.

कोण करणार, पैसे कुठले

१९८३ मध्ये मलेरिया संशोधन केंद्राने डॉ. वि. प्र. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात नडियादला अशा जैव-पर्यावरणीय पद्धतीचा मोठा प्रयोग सुरू केला. खड्डे भरणे, चर आणि मासे यांच्या जोडीला मत्स्यपालन आणि वृक्षलागवड होती. लोकांना त्यात स्वतःचा काही फायदा दिसणे किती महत्त्वाचे, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

एकदाचे काम आणि दर आठवड्याचे काम वेगळे ठेवा. खड्डे, चर आणि ओटे रोजगार हमीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घाला. साप्ताहिक फेऱ्याला श्रमदान पुरत नाही. तिसऱ्या आठवड्याला चौघे उरतात, पाचव्याला कोणीच नाही. ४०-५० घरांमागे दोघांची जोडी ठरवा, एकच वार ठेवा, बहुधा बाजाराचा आदला दिवस, आणि हंगामापुरते मानधन द्या. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंधित निधी लहान असतो. अनुसूचित क्षेत्रात पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) ५ टक्के अबंध निधी ग्रामसभा ठरवू शकते. आशाताईला या जोडीत धरू नका, तिच्याकडे आधीच पुरेसे काम आहे. तिने फक्त ताप-रुग्णांची यादी जोडीला दाखवावी. घराघरांतली टाकी-पिंप तपासणी शाळेच्या मुलांना जमते, नाला नाही.

फरक कधी दिसतो

अळ्या पहिल्या महिन्यातच घटलेल्या दिसल्या पाहिजेत. दर १०० तपासलेल्या पाण्यांत किती ठिकाणी आडवी अळी सापडली, हा एकच आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. रुग्ण मात्र लगेच घटत नाहीत. असलेले डास दोन-तीन आठवडे जगतात, डासाच्या शरीरात परजीवी तयार व्हायला १०-१४ दिवस लागतात, आणि माणसात फॅल्सिपेरम या हिवतापाच्या प्रकाराचा ताप दिसायला आणखी ९-१४ दिवस. पहिले पाच-सहा आठवडे आकडे तसेच राहतील, हे ग्रामसभेत सुरुवातीलाच सांगा. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकाराचे जुने रुग्ण प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स पूर्ण न केल्यास नवा डास न चावताही पुन्हा आजारी पडतात, त्यांचा दोष नाल्याच्या जोडीला देऊ नये.

अळ्या घटल्या आणि सहा-आठ आठवड्यांनंतरही नवे रुग्ण येतच राहिले, तर तीन गोष्टी तपासा : नकाशाबाहेर कुठे पाणी राहिले का, रुग्ण बाहेरगावच्या मजुरीहून किंवा जंगलातून ताप घेऊन आले का, आणि औषधी मच्छरदाण्या खरोखर वापरल्या जातात की पेटीत घडी करून ठेवल्या आहेत. तापाच्या प्रत्येक रुग्णाची रक्ततपासणी आणि मच्छरदाणी ही कामे यासोबत चालूच राहायला हवीत. लाल शाईची यादी मार्चच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, म्हणजे त्यातले खड्डे एप्रिलच्या कामांत वेळेत जातात.